वरच्या खोलीतले मापवाले

माझी मावशी घरं सांभाळते. स्वतःची नव्हेत, लोकांची. शहराच्या जुन्या भागात, जिथे गल्ल्यांना दगडी फरशा आहेत आणि मोटार आत शिरत नाही, तिथे परगावी राहणाऱ्या मालकांची सात घरं तिच्या ताब्यात आहेत. भाडेकरू बघायचा, खोली दाखवायची, गळकं छप्पर दुरुस्त करून घ्यायचं, भांडणं मिटवायची आणि महिन्याकाठी मालकाला एक पत्र पाठवायचं, हे तिचं काम. कमरेला किल्ल्यांचा जुडगा इतका मोठा, की ती जिना चढू लागली की वरच्या लोकांना आपापल्या भानगडी आवरायला भरपूर वेळ मिळतो. सगळे तिला जुडगेबाई म्हणतात. नवीन माणसाला ते आडनाव वाटतं आणि तीही त्याला ओ देते.

मी तिच्या बहिणीची मुलगी. सकाळी शाळेच्या कचेरीत कारकुनी करते आणि दुपारी मावशीची पत्रं आणि नोटिसा लिहून देते, कारण मावशीचं अक्षर मावशीलाच लागत नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या लोकांचा मला राग येतो, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या शाळेतल्या एका बाईंना जिथे तिथे काहीतरी 'जाणवतं', आणि मी त्यांच्या शेजारी बसायचंसुद्धा टाळते. तेव्हा पुढचं मी हौसेने सांगत नाहीये.

मावशीचे दोन नियम होते. एक, रिकाम्या खोलीला राबता हवा. त्यासाठी ती रोज सकाळी दहाला रिकाम्या खोल्यांची फेरी करायची. खिडकी उघडायची, नळ सोडायची (मोरीच्या पाइपातलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो), या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार येरझाऱ्या घालायची आणि मोठ्याने काहीतरी बोलायची. काहीही. "आज ऊन बरं आहे." "त्या शिंप्याला अक्कल कधी येणार." मी एकदा विचारलं, की भिंतींशी कसल्या गप्पा मारतेस? तर म्हणाली, "जिथे महिनोन्महिने कुणी बोललं नाही, तिथे राहायला येणारा माणूसही हळूहळू बोलेनासा होतो. मी पाहिलंय." कुठे पाहिलं, ते काही तिने सांगितलं नाही.

दुसरा नियम असा, की दिलेली खोली आपली नाही. भाडेकरू आत असो नसो, किल्ली आपल्या कमरेला असो, विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आग लागली तरी आधी दार वाजवायचं, असं ती म्हणायची. हा नियम तिने तीस वर्षांत एकदाच मोडला. मोडायला मीच लावला, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

सात घरांतलं कोपऱ्यावरचं घर सगळ्यांत जुनं. तीन मजले, दहा खोल्या, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. रस्त्याच्या बाजूला कोरीव लाकडी सज्जा आहे, त्याचे फोटो काढायला प्रवासी येतात आणि मान वर करून चालताना एकमेकांवर आदळतात. त्या भागात दारावर माणसाचं नाव लिहीत नाहीत, काम लिहितात. शिंपी, नर्स, शिकवण्या. फार पूर्वीपासून तसंच आहे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

जुन्या भागासाठी महापालिकेचा एक नियम आहे. घरातल्या निम्म्याहून जास्त खोल्यांत माणसं राहत असतील, तर ते राहतं घर. त्याला हात लावता येत नाही. आकडा खाली गेला, की मालक त्याचं काहीही करू शकतो. कोपऱ्यावरच्या घराचा आकडा सहा ठरला होता. वर्षातून दोनदा तपासनीस बाई यायच्या. त्या कागद बघत नसत. कागदावरच्या भाडेकरूंनी पूर्वी सगळ्यांना इतकं फसवलं होतं, की नियमच करून टाकला: कागद बघायचा नाही, वावर बघायचा. टॉवेल ओला आहे का, शेगडी कोमट आहे का, शेजाऱ्याला माणूस माहीत आहे का.

घराची मालकीण चांगली होती. ती गेली आणि कारभार जावयाच्या हातात आला. त्याला तिथे प्रवाशांसाठी महागड्या खोल्या काढायच्या होत्या. त्यातच वाद्यं दुरुस्त करणारा म्हातारा मुलाकडे राहायला गेला आणि घरात पाच भाडेकरू उरले. जावयाने फोन करून सांगितलं, "आता नवीन माणूस ठेवायचा नाही. मी कुणाच्याच करारावर सही करणार नाही." तपासणीला दोन महिने होते.

मावशीला घराचं एवढं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे होत्या पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई. ऐंशीच्या पुढच्या, चाळीस वर्षं त्याच खोलीत, आणि गेली नऊ वर्षं दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. त्या खोलीत त्या अशा वावरायच्या, की नवख्याला कळायचंही नाही. दूध उतू जायच्या आधी हात बरोबर पातेल्याकडे जायचा. दोन वर्षांपूर्वी छताच्या दुरुस्तीसाठी त्यांना आठ दिवस समोरच्या घरात ठेवलं होतं. त्या दोनदा पडल्या. पाचव्या दिवसापासून त्यांनी दार कुठे आहे, हे विचारणंच सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून बसून राहायच्या. मावशी मला म्हणाली होती, "अजून आठ दिवस गेले असते, तर बाई हाताला लागल्या नसत्या."

म्हणून मावशीने सहावा भाडेकरू तयार केला.

खऱ्या भाडेकरूला करारावर मालकाची सही लागते, खोट्याला काही लागत नाही. नर्सबाईंच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, म्हाताऱ्याची खोली रिकामी होती. तिच्या दारावर मावशीने पाटी लावली, 'वजनमापे'. दुकानादुकानांतले तराजू तपासणारा सरकारी माणूस, कायम फिरतीवर, त्यामुळे फारसा कुणाच्या नजरेला न पडणारा. कॉट, उशी, स्टोव्ह, साबण आणि दात घासायचा ब्रश तिने जमवला. कोट आणि बूट मी आणले. ते माझ्या नवऱ्याचे होते, आणि तो बिचारा अजून ते बूट शोधतो आहे.

रिकाम्या खोलीत राबता ठेवण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, तिच्याकडे हे काम आलेलं. तिने ते अगदी जीव ओतून केलं. रोज दहाला जाऊन खिडकी उघडायची, नळ सोडायची, टॉवेल भिजवून पिळून दोरीवर टाकायची, उशी मुठीने दाबून डोक्याएवढा खळगा पाडायची, बूट रोज वेगळ्या कोनात ठेवायची आणि जाताना हवापाण्याविषयी एखादं वाक्य बोलायची. मी म्हणायचे, "मावशी, संसार थाटलास की!" ती हसायची. खरंच खुशीत होती त्या दिवसांत. ही गोष्ट आम्हा दोघींखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. नर्सबाईंनाही नाही, कारण त्यांना सांगितलं असतं तर घर धोक्यात आहे हेही सांगावं लागलं असतं.

तपासनीस बाई आल्या. हातात छत्री, काखेत वही, चेहरा आंबट. त्यांनी टॉवेल पिळून पाहिला, ब्रशवर बोट फिरवलं आणि खाली येऊन नर्सबाईंना विचारलं, "वर कुणी राहतं का?"

"मापवाले ना? राहतात की," नर्सबाई म्हणाल्या. "सभ्य माणूस. दुपारी खोकतात जरा. कोरडा खोकला आहे, मी त्यांना ज्येष्ठमध घ्यायला सांगितलंय."

वहीत सहाचा आकडा पडला. मावशीला वाटलं, म्हातारीने प्रसंग ओळखून साथ दिली. संध्याकाळी ती नर्सबाईंसाठी डझनभर संत्री घेऊन गेली. नर्सबाईंनी संत्री चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "हे कशाबद्दल गं?" मावशी म्हणाली, असंच. आम्हाला वाटलं, म्हातारी पक्की आहे, अजूनही सोंग सोडत नाही.

जावयाचा फोन आला. सहावा कुठून उपटला, म्हणून ओरडला. जुना तोंडी करार होता, सांगायचं राहून गेलं, असं मावशीने ठोकून दिलं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी होती आणि जावई आता डोळ्यांत तेल घालून बसणार, हे उघड होतं. मापवाल्यांना घालवून चालणार नव्हतं.

त्यानंतर महिन्याभराने एक प्रवासी त्याच गल्लीतल्या मावशीच्या ऑफिसात आला. गळ्यात कॅमेरा, बोलणं अगदी अदबीचं. म्हणाला, "कोपऱ्यावरच्या घराच्या वरच्या खिडकीत जे गृहस्थ उभे असतात, त्यांचा फोटो घेतला तर त्यांना राग येणार नाही ना? मी हात केला, त्यांनीही केला." मावशी म्हणाली, तो खुंटीवरचा कोट असेल, वाऱ्याने बाही हलली असेल. प्रवाशाने कॅमेरा पुढे केला, बघा म्हणाला. मावशीने बघितलं नाही. चष्मा नाही म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

मग साबण. मावशी साबण रोज नुसता ओला करायची, आणि तरी तो झिजत चालला. पंधरा दिवसांत वडी संपली. एक दिवस ती टॉवेल भिजवायला गेली, तर टॉवेल आधीच ओला. उशीतला खळगा ती मधोमध पाडायची, तो भिंतीच्या बाजूला सरकलेला. बुटांना गल्लीतल्या फरश्यांची पांढरी धूळ. हे सगळं तिने मला सांगितलं आणि मी तिला शांतपणे समजावलं, की तुझं वय झालंय, काल काय केलं ते आज आठवत नाही. मला तेव्हा ते पटलंही होतं.

एका दुपारी आम्ही दोघी नर्सबाईंच्या खोलीचा नळ बघायला निघालो होतो. चार वाजत आले होते. जिन्यात पोचलो आणि वरून नर्सबाईंचं हसणं ऐकू आलं, मनमोकळं, माणूस माणसाशी हसतो तसं. मग एक पुरुषी आवाज. शब्द कळत नव्हते, पण एकसुरी, वाचून दाखवल्यासारखं बोलणं होतं. मध्येच खोकला. कोरडा. आम्ही पायरीवर थांबलो. मावशीने जुडगा मुठीत आवळून धरला, आवाज होऊ नये म्हणून. थोड्या वेळाने वाचणं थांबलं. आम्ही उरलेल्या पायऱ्या चढून गेलो आणि दार वाजवलं.

"या, या," नर्सबाई म्हणाल्या. "आत्ताच गेले ते वर. जिन्यात भेटले असतील की."

जिन्यात आम्ही होतो. दाराबाहेर तो एकच जिना, त्याच्याच पायऱ्यांवर आम्ही उभ्या होतो आणि त्या दाराकडेच बघत होतो. दार उघडलं नव्हतं.

खुर्ची नर्सबाईंच्या समोर ओढलेली होती. तिच्यावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र, आतलं पान वर येईल असं घडी घातलेलं. नऊ वर्षं आंधळ्या बाईच्या घरी वर्तमानपत्र कशाला येईल? "फिरतीवर नसले, की रोज चारला येऊन वाचून दाखवतात," नर्सबाई सांगत होत्या. "माझ्या तर सवयीचे झालेत ते." त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता, की मला एकदम रडू आलं, आणि त्याच वेळी भीतीही वाटली. अगदी साधी, सरळ भीती. नळ तसाच ठेवून आम्ही घरी आलो.

मावशी त्या संध्याकाळी जेवली नाही. म्हणाली, "मी त्यांना कधी काही सांगितलंच नव्हतं गं. संत्री घेताना त्या विचारत होत्या ते खरंच विचारत होत्या."

आणि मग तिने प्रश्न काढला तो कुणाला सुचणार नाही असा. "आता ती खोली रिकामी की दिलेली?"

बाकी कुणीही असतं, तर घाबरून देवाचं नाव घेतलं असतं. हिला पेच पडला होता तो नियमांचा. खोली रिकामी असेल, तर रोज राबता ठेवायला हवा. दिलेली असेल, तर उंबरा ओलांडता कामा नये. मला तिचा असा राग आला! मी म्हटलं, "मावशी, तिथे कुणी नाही. कुणी नाही, कुणी नाही. नर्सबाईंचं वय झालंय, आपले कान वाजले. तू फेरी बंद केलीस आणि ऐन तपासणीला टॉवेल कोरडा निघाला, तर त्या बाईला कुठे नेऊन ठेवशील?" त्या शेवटच्या वाक्यापुढे ती हरली. रोज दहाची फेरी चालू ठेवली. फक्त आता आत जाण्याआधी ती दार वाजवायची, आणि उत्तर येत नाही बघून, चोरासारखी आत जायची. बाहेर आली की तिचा चेहरा उतरलेला असायचा.

तपासणीला सव्वीस दिवस उरले असताना ऑफिसच्या दाराखालून एक कागद आत आला. खोली सोडण्याची महिन्याची सूचना. हा छापील अर्ज आम्ही दाराबाहेरच्या पेटीत ठेवतो, ज्याला हवा त्याने घ्यावा. अक्षर अनोळखी होतं. उभं, प्रत्येक अक्षर पट्टीने मोजून काढल्यासारखं. भाडेकरू: वजनमापे, दुसरा मजला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं ते मी मावशीला वाचून दाखवलं:

'खोलीत माझ्याशिवाय कोणीतरी वावरते. रोज सकाळी दहाच्या सुमारास दार वाजते. उघडून पाहावे तर कोणी नसते. नंतर खिडकी आपोआप उघडते. नळ सुटतो. टॉवेल ओला होतो. उशी दाबली जाते. बाईच्या आवाजात कोणीतरी हवेबद्दल बोलते. मी भित्रा नाही. परंतु झोप लागत नाही व वजन कमी होत आहे. इतरत्र सोय पाहत आहे.'

मी कागद खाली ठेवला. आम्ही दोघीच होतो ऑफिसात, बाहेर लख्ख ऊन, गल्लीत कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढत होतं, आणि मला खुर्चीवरून उठायचीही छाती होत नव्हती.

मावशी मात्र घाबरली नाही. ती शरमली. कान लाल झाले तिचे. "बघितलंस?" म्हणाली. "तीस वर्षांत माझ्याबद्दल अशी तक्रार कुणी केली नव्हती."

"मावशी, तो माणूसच नाही!"

"खोलीत राहतो, झोप लागत नाही म्हणतो, रीतसर महिन्याची सूचना देतो. अजून काय असायला लागतं भाडेकरू व्हायला?" ती म्हणाली. "लिही."

मी लिहिलं. ती सांगत गेली. 'आपली तक्रार खरी आहे. खोलीत येणारी व्यक्ती मीच. दिलेल्या खोलीत विचारल्याशिवाय जाणे ही माझी चूक आहे, तिला सबब नाही. यापुढे असे होणार नाही. आपण गेलात तर खालच्या नर्सबाईंना हे घर सोडावे लागेल आणि त्या दुसरीकडे तग धरणार नाहीत. हे आपल्याला अडवण्यासाठी लिहीत नाही. पण न सांगणेही बरोबर नाही. किल्ली सोबत देत आहे. माझ्याकडे दुसरी नाही.'

जुडग्यातून किल्ली काढून देताना मी मावशीला त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं. कडी इतकी घट्ट झाली होती, की शेवटी पक्कड आणावी लागली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर गेलो. मावशी गुडघे धरून खाली बसली, दाराखालून चिठ्ठी सारली आणि मग किल्ली. जुनी लांब किल्ली होती, निम्मी आत गेली आणि निम्मी बाहेर राहिली. मावशीने हात काढून घेतला. उरलेली निम्मी किल्ली हळूच, सरळ, आत गेली.

आम्ही जिना कसा उतरलो, ते मला आठवत नाही.

त्यानंतर मावशीने त्या मजल्यावर पाऊल ठेवलं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. वरून ना येरझाऱ्यांचा आवाज, ना खोकला. सज्ज्याच्या बाजूची खिडकी बंदच. चिठ्ठीला उत्तर नाही. तिसऱ्या आठवड्यात नर्सबाई म्हणाल्या, "मापवाले बरेच दिवसांत आले नाहीत गं चारला. फिरती लांबली वाटतं. तुला काही बोलले का?" मावशी नाही म्हणाली आणि बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "गेले ते," मला म्हणाली. "इतरत्र सोय झाली त्यांची. माझ्यामुळे गेले." तुझ्यामुळे गेले, असं तिने मला म्हटलं नाही, हे तिचे उपकार.

तपासनीस बाई ठरल्या दिवशी, अकराच्या सुमारास आल्या. छत्री तीच, चेहराही तोच. शिंप्याकडे, शिकवणीवाल्यांकडे, नर्सबाईंकडे, सगळीकडे वहीत खूण झाली. मग आम्ही दुसरा मजला चढलो. मी आणि मावशी वळणाच्या पायरीवर थांबलो, तिथून वरचं दार दिसत नाही. दिसतात फक्त दारापुढे उभ्या माणसाचे पाय, आणि मान उंच केली तर चेहरा.

बाईंनी दार वाजवलं. काही नाही. परत वाजवलं.

"बाहेर गेलेत का?"

"ठाऊक नाही," मावशी म्हणाली.

"मग उघडा. किल्ली असेलच की तुमच्याकडे."

"नाही. भाडेकरूकडे आहे."

"जुडगेबाई, मला आत बघितल्याशिवाय मोजता येत नाही. कुलूपवाल्याला बोलवा. दहा मिनिटांचं काम."

कुलूपवाला त्याच गल्लीत बसतो. टॉवेल एखाद्या वेळी दोरीवर असेलही, निदान बूट असतील, कोट असेल, काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. मी मावशीच्या दंडाला चिमटा काढला, चांगला जोरात. खाली नर्सबाईंच्या खोलीत पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"दिलेली खोली मी उघडत नाही," मावशी म्हणाली. "कुणाकडून उघडवूनही घेत नाही."

"मग मला पाच लिहावे लागतील."

मावशीने डोळे मिटून घेतले. बाईंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, तारीख घातली. मला ओरडावंसं वाटत होतं. एका नसलेल्या माणसाला दिलेल्या शब्दासाठी माझी मावशी त्या असलेल्या बाईला रस्त्यावर काढते आहे, असंच वाटलं मला त्या क्षणी, आणि मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले ते सांगत नाही.

आणि आत नळ बंद झाला. वाहत होता हे बंद झाल्यावर कळलं. मग पावलं आली, सावकाश, बूट घातलेली. कडी निघाली. दार उघडलं आणि खोलीतला उजेड तपासनीस बाईंच्या पायांवर पडला. त्या उजेडाच्या मधोमध एक सावली होती.

"माफ करा हं, त्रास दिला," बाई म्हणाल्या. त्यांचा आंबट चेहरा सैल झाला होता. "मोजणीला आलेय. किती महिने झाले राहायला?... हो का?... आणि काही तक्रार?"

मधली उत्तरं मला ऐकू आली नाहीत. मावशीलाही नाही. बाई मात्र ऐकत होत्या, मान हलवत होत्या, एकदा हसल्याही. खोकल्याचा आवाज तेवढा आला. मग दार लागलं आणि त्या वहीत लिहीत खाली आल्या.

"सहा," म्हणाल्या. "घरात असून लवकर उघडलं नाही, नळाच्या आवाजात ऐकू आलं नसणार. भला माणूस आहे तसा. एक तक्रार होती म्हणाले तुमच्याबद्दल, पण ती मिटली. आता एकच सांगायला सांगितलंय. मोरीतला नळ गळतोय, त्याला नवा वायसर बसवून हवाय. सवडीने चालेल, पण माणूस पाठवताना आधी सांगून पाठवा म्हणाले."

त्या गेल्या. मावशी तिथेच पायरीवर बसली. आधी मला वाटलं तिला चक्कर आली. मग दिसलं, की ती रडते आहे, हमसाहमशी, पदराचा बोळा तोंडावर धरून. मी शेजारी बसले. ती मला हुंदक्यांतून सांगायला लागली, "अगं, घर सोडणारा माणूस नळ दुरुस्त करून मागत नाही. कधीच नाही. कळलं का तुला? कधीच नाही."

मला कळलं. मीही रडायला लागले. भीती होतीच, ती काही गेली नव्हती, अजूनही ते दार आठवलं की मानेवर काटा येतो. पण आम्ही दोघी तिथे बसून भीतीने रडत नव्हतो.

खालचं दार उघडलं. नर्सबाई भिंतीला बोटंही न लावता सरळ जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि वर तोंड करून म्हणाल्या, "काय झालं गं? कोण रडतंय?"

"काही नाही, नर्सबाई," मावशीने नाक पुसलं. "मापवाल्यांचा नळ गळतोय."

"मग रडतेस काय? वायसर घाल."